नागराज आपल्याच हातचा

या आठवड्यात चार अंक आलेत आणि मला दोनच घ्यायचेत. नागराजच्या सुरुवातीच्या एका अंकाचं पुनर्मुद्रण, सुपर कमांडो ध्रुवचा जाडजूड विशेषांक, मराठीतली एक अमर चित्र कथा आणि ‘चिंटू’चं एक पुस्तक. अंक आधी हातात घ्यायचा, मधली पानं चाळायची, मगच खिशात हात घालायचा, ही माझी सवय या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. या वेळी ते जमलंच नाही. हिंगोलीतल्या नेहमीच्या दुकानात कुरिअरचा गठ्ठा समोर आला तो प्लास्टिकच्या पाकिटांतला, प्रत्येक पाकिटाला चिकटपट्टी. पट्टी सोडवायला गेलो तर दुकानदार म्हणाले, “राहू द्या सर. पाकीट फोडलं की माल वापस घेत नाहीत. बाहेरूनच बघा.”

बाहेरून काय बघायचं? मुखपृष्ठ पुष्कळदा एकाचं असतं आणि आतली चित्रं दुसऱ्याची. मी आधी बघतो ते हात. चित्रकाराला बोटं काढता येतात का, की तो सगळ्यांच्या मुठी वळवून मोकळा होतो? मग गर्दीचं चित्र. बाजारातली मागची माणसं माणसांसारखी आहेत, की नुसती डोकी? बोलण्याचे फुगे चेहऱ्यांवर येऊन बसलेत का? आणि एखादी तरी चौकट अशी आहे का, जिथे शब्द नाहीत आणि तरी गोष्ट पुढे सरकते? अशी एक चौकट सापडली की माझा सौदा झाला. नायक कोण, हे मी शेवटी बघतो.

पाकिटाची ही रीत अंक वाचणाऱ्यांसाठी नाही, जपून ठेवणाऱ्यांसाठी आहे. कोपरा दुमडला की किंमत उतरते म्हणे. मला हे मनापासून पटत नाही. बस स्टँडजवळच्या स्टॉलवर दोरीला टांगलेले अंक आम्ही आठ आण्यांना भाड्याने आणत होतो. सेनगावची गाडी लागेपर्यंत एक अंक तिघांत वाचून व्हायचा. एक जण पान धरायचा, दुसरा मोठ्याने वाचायचा, तिसरा पान उलटायची घाई करायचा. त्या अंकांना कोपरे उरलेच नव्हते. चित्रं बघायला आणि अक्षर वाचायला आम्ही त्यांच्यावरच शिकलो. आज एखादं पोर दुकानात आलं, तर त्याने काय बघून कॉमिक्सच्या नादी लागावं?

ज्यांचा या नादाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासून घरोघरी येत होता. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली. तिच्यातला वेताळ मराठीतही भेटायचा. १९९० मध्ये ती बंद पडली. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा उभी केली. नागराज १९८६ मध्ये आला आणि आमच्याकडे हिंदीतच आला. मराठवाड्यातल्या पोरांना हिंदीची अडचण कधी नव्हतीच.

तर प्लास्टिकमधून बघताना नागराजच्या अंकावर एक नाव दिसलं: प्रताप मुळीक. आणि मी निवड विसरून त्या नावापाशीच थांबलो. नागराजचे सुरुवातीचे कितीतरी अंक मुळीकांच्या हातचे. अमर चित्र कथेतही त्यांचं काम उदंड आहे. त्याच मालिकेतला पहिला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला आणि ‘टिंकल’मधला सुपंडीही त्यांचाच. शिकारी शंभूला रूप दिलं वसंत हळबे यांनी. दिलीप कदमांची चित्रं अमर चित्र कथेत पानोपानी आहेत. ही सगळी आपल्या मातीतली माणसं. साऱ्या देशाची पोरं यांच्या चित्रांवर वाढली, आणि मराठी दुकानात मात्र मराठीत जन्मलेलं कॉमिक मागितलं तर हातात काय येतं? बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून नेमाने निघतो, त्याला माझा नमस्कार. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून आपल्या घरातला आहे. त्यांच्यापलीकडे, दर महिन्याला वाट बघावी असा मराठी कॉमिकचा अंक मला या दुकानात मिळत नाही. जिथे चित्रकथींनी चित्रांच्या पोथ्या मांडून गावोगाव रामायण सांगितलं, पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना त्या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तिथे हे दारिद्र्य शोभत नाही.

बरं, गोष्टींची वाण आहे का? आमच्या जिल्ह्यापुरतं बोलतो. नरसीचे नामदेव. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. दुखावलेले नामदेव औंढ्याला, नागनाथाच्या देवळात आले. अरुंद पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले, तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेव रागावले. तो म्हातारा म्हणजे विसोबा खेचर. ते म्हणाले, जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तिथे पिंड. दुसरीकडे ठेवले, तिथेही पिंड. या प्रसंगाला शब्द लागतच नाहीत. सहा चौकटी, दोन पाय, सरकत जाणाऱ्या पिंडी आणि शेवटच्या चौकटीत फक्त नामदेवांचा चेहरा. पुढे कीर्तन करताना त्यांना देवळामागे पाठवलं आणि देऊळच फिरलं. औंढ्याचा नंदी मागच्या बाजूला का, याचं उत्तर आमच्याकडे पोरंही हीच कथा सांगून देतात. हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. हा अंक गुरुमुखीतही खपेल.

मुळीकांचा नागराज आणि ‘चिंटू’ मी घेतले आणि दुकानाच्या पायरीवरच पाकिटं फोडली. नागराजचे हात उत्तम आहेत, बोटांसकट. ध्रुव पुढच्या महिन्यात.

आता जिल्ह्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गात बोटं नीट काढणारं एखादं पोर असेलच. त्याला औंढ्याला न्या, गाभाऱ्याच्या पायऱ्या दाखवा, बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम तासभर बघू द्या आणि विसोबांची गोष्ट काढायला सांगा. सोळा पानं पुरेत. छापायची वेळ आली की मला कळवा. वर्गणीत पहिलं नाव माझं धरा. एकच अट, पाकीट नको.