नवशिक्या पाणबुड्यास गणकयंत्र हवें काय ?

सुटीच्या दिवसांत मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राच्या पोटांत डोकावून येण्याची हौस अलीकडे आपल्या लोकांत पुष्कळच वाढली आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखालीं वावरण्याची ही विद्या स्कूबा या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. एकदां रंगीबेरंगी मासे पाहून आलेल्या मुलास ती रीतसर शिकावीशी वाटते, आणि मग घरांत प्रश्न निघतो कीं, मनगटावर बांधावयाचा 'डाइव्ह कॉम्प्युटर' घ्यावा कीं न घ्यावा ? कोणी म्हणतात, तें चैनीचें खेळणें आहे. कोणी म्हणतात, त्यावांचून पाण्यांत उतरूंच नये. निर्णय करण्यापूर्वीं तें यंत्र काय मोजतें, हें पाहणें अवश्य आहे.

पृष्ठभागावर हवेचा दाब सुमारें १ बार असतो, आणि समुद्रांत दर १० मीटर खोलीस तो आणखी १ बारनें वाढतो. अर्थात् १८ मीटरांवर तो २.८ बार होतो. टाकींतील हवेचा सुमारें चार-पंचमांश भाग नत्रवायु असतो. वाढत्या दाबानें तो रक्तांत व शरीराच्या इतर भागांत विरघळत जातो. पाणबुड्या सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईनें आला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढतांच जसे बुडबुडे उठतात, तसे शरीरांत उठतात. त्यामुळें सांधे दुखतात, अंग बधिर होतें, पक्षाघात होतो, आणि क्वचित् प्राणही जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनीं १८७८ सालीं हें कारण विशद केलें. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह किती खोलीवर किती वेळ राहावें व कसें वर यावें याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. मनगटावरचें यंत्र याच मार्गानें पुढें वाढलेलें गणित करतें. खोली व वेळ सतत टिपून शरीरांत किती नत्रवायु सांठला असावा याचा तें अदमास करतें, आणि या खोलीवर आणखी किती मिनिटें राहतां येईल तें दाखवितें.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकूं. ते म्हणतात, नवशिक्यास छापील कोष्टक पुरे आहे. पॅडी संस्थेच्या कोष्टकाप्रमाणें पहिल्या बुडींत १८ मीटरांवर ५६ मिनिटें राहतां येतें. बारा लिटरांच्या टाकींत २०० बार दाबानें सुमारें २४०० लिटर हवा मावते. मिनिटास २० लिटर हवा घेणारा मनुष्य १८ मीटरांवर ५६ लिटर घेतो. पन्नास बार हवा संकटासाठीं राखली तर उरलेली सुमारें ३२ मिनिटांत संपते. म्हणजे नत्रवायूची मर्यादा येण्यापूर्वींच टाकी रिकामी होते. मग यंत्र कशास? शिवाय यंत्रावर भिस्त ठेवणारा स्वतः विचार करणें सोडतो.

पहिला आक्षेप हिशेबानें खरा, परंतु अपुरा आहे. तो एका बुडीपुरताच लागू पडतो. दिवसांतील दुसऱ्या बुडीस मागचा नत्रवायु अंगांत शिल्लक असतो, आणि हेलकावणाऱ्या होडींत त्याची वजाबाकी चुकणें सहज शक्य आहे. दुसरें असें कीं, कोष्टक हें सर्वांत जास्त खोली अचूक ठाऊक आहे असें गृहीत धरतें. नवशिक्याचें चित्त मुखवट्यांत, श्वासांत व सोबत्यांत गुंतलेलें असतें. तो नकळत खालीं-वर होत असतो. तिसरें कारण आम्हांस सर्वांत मोठें वाटतें. दहा मीटरांवरून पृष्ठभागापर्यंत येतांना दाब निम्मा होतो व हवेचें आकारमान दुप्पट होतें. श्वास रोखून वेगानें वर येणाऱ्याचीं फुप्फुसें फाटूं शकतात. मिनिटास ९-१० मीटरांहून अधिक वेग झाला कीं बहुतेक यंत्रें इशारा देतात. अनुभवी मनुष्यास हा वेग अंगवळणीं पडलेला असतो. नवशिक्यास तो कळतच नाहीं. म्हणून जो अगदीं नवा, त्यासच या इशाऱ्याची गरज अधिक.

दुसरा आक्षेप मात्र आम्ही मस्तकीं धरतों. यंत्र हा हिशेबनीस आहे, राखणदार नव्हे. धारण करणारा थकलेला आहे, कीं त्यानें पुरेसें पाणी प्यालेलें नाहीं, हें त्यास कळत नाहीं. त्यानें दाखविलेल्या मर्यादेच्या आंत राहूनही विकार होऊं शकतो. यास्तव मुलांनीं आधीं कोष्टक शिकावें, चार उदाहरणें कागदावर सोडवावीं, आणि मगच यंत्र बांधावें. ज्यास उत्तर कसें आलें हें ठाऊक नाहीं, त्यास चुकलेलें उत्तरही ओळखतां येत नाहीं.

शिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यांत एकदांच उतरणाऱ्या पाहुण्यास स्वतःच्या यंत्राची गरज नाहीं. तेथें शिक्षकच त्याची खोली व वेळ सांभाळतो. परंतु रीतसर शिकून सोबत्यासह उतरणाऱ्या प्रत्येकास तें हवें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें ज्याचें त्याचें असावें. दोघांत एक चालणार नाहीं, कारण दोघांची खोली सारखी नसते; आणि दोन बुड्यांच्या मध्यें अदलाबदलही करूं नये, कारण त्यांतील खातें एकाच शरीराचें असतें. विकत घेण्याची ऐपत नसेल तर शिकविणाऱ्या संस्थेकडून भाड्यानें घ्यावें. मध्येंच तें बंद पडल्यास बुडी तेथेंच आटोपावी, सोबत्यास खूण करून सावकाश वर यावें, आणि हवा पुरेशी असल्यास ५ मीटरांवर ३ मिनिटें थांबावें.

पालकांस एक विनंति आहे. यंत्र घेऊन दिलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये. पॅडीच्या नियमानें १० व ११ वर्षांच्या मुलांनीं १२ मीटरांपलीकडे जावयाचें नाहीं, आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलांबरोबर प्रमाणपत्रधारक प्रौढ सोबती असलाच पाहिजे. हे नियम यंत्राच्या किंमतीहून मोलाचे आहेत.

आणि विद्यार्थिमित्रहो, समुद्र ही परमेश्वराची थोर कृति आहे; ती पाहावयास अवश्य जा. परंतु ज्या शरीरानें ती पाहावयाची, तेंही त्याचेंच देणें आहे. मनगटावरचें यंत्र 'वर चल' म्हणेल तेव्हां आणखी एक मासा पाहण्याचा मोह ज्यास आवरतो, तोच खरा पाणबुड्या होय.