विश्रांतिकक्षातली रांग

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून नियमित प्रवासी विमान उडेल असा एकही विमानतळ नाही. कऱ्हाडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या उभारणीच्या काळातली. सांगलीलगतच्या कवलापूरची धावपट्टी वर्षानुवर्षे निवेदनांत आणि निवडणुकीच्या भाषणांतच जिवंत आहे. तरीही विमानाने ये-जा करणारी माणसे येथे थोडीथोडकी नाहीत. खानापूर, आटपाडी, विटा या भागांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी केरळ-तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरलेले आहेत. साताऱ्यातील घराघरांतले जवान सीमेवर आहेत आणि आता रजेवर येताना तेही विमानाचे तिकीट काढतात. परदेशी स्थिरावलेल्या मुलांकडे वर्षा-दोन वर्षांनी जाणारे निवृत्त आई-वडील हे तर मिरज-सांगलीतले परिचित दृश्य झाले आहे. या सर्वांचा विमानप्रवास सुरू होतो तो महामार्गावर.

हे लक्षात घेतले, की विमानतळावरील विश्रांतिकक्षांत, म्हणजे लाउंजमध्ये अलीकडे दिसणाऱ्या गर्दीचा एक वेगळा अर्थ लागतो. महानगरांतील वृत्तपत्रांत या गर्दीची चर्चा बहुधा थट्टेच्या सुरात होते. फुकटचा नाश्ता मिळवण्यासाठी लोक कार्ड हातात धरून रांगेत उभे राहतात, असा तिचा रोख असतो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण रांगेतली सारीच माणसे फुकट्या वृत्तीची नाहीत.

गणित साधे आहे. सांगलीहून पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे २४० किलोमीटर. सकाळी सहाचे विमान असेल तर चार वाजता विमानतळावर पोचायला हवे. वाटेत खंबाटकी घाट आहे, कात्रज आणि नवले पुलाचा परिसर आहे. यांपैकी कोठे अपघात होऊन वाहतूक अडकेल याचा भरवसा नाही. म्हणून शहाणा प्रवासी पाच तासांच्या रस्त्यासाठी सात तास हाताशी ठेवतो आणि रात्री नऊलाच घर सोडतो. सुदैवाने रस्ता मोकळा मिळाला, तर तो दोन वाजता विमानतळावर पोचतो आणि मग चार तास करायचे काय, हा प्रश्न उरतो. साताऱ्याच्या प्रवाशाचे अंतर निम्मे आहे, पण घाट आणि पुण्याची कोंडी त्यालाही चुकलेली नाही. एसटीने आलेल्याला स्वारगेटला उतरून पुन्हा दुसरे वाहन शोधावे लागते. पुण्याची मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोचली, विमानतळापर्यंत मात्र पोचलेली नाही.

थोडक्यात, कोथरूडच्या प्रवाशासाठी विमानतळावरची प्रतीक्षा हा अपवाद असेल. सांगलीच्या प्रवाशासाठी ती प्रवासाचा अटळ भाग आहे. त्याला बसायला बरी खुर्ची, पाय पसरायला जागा, गरम चहा आणि स्वच्छ प्रसाधनगृह हवे असते. हे सारे जेथे एकत्र मिळते त्या जागेचे नाव लाउंज, म्हणून तो तेथे जातो.

लाउंज ही कल्पना मुळात अशा प्रवाशासाठी नव्हतीच. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने असा पहिला कक्ष उघडला, तो निवडक मानकऱ्यांसाठी. योगायोग असा, की त्याच वर्षी राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूरचा विमानतळही सुरू झाला. पुढे अनेक दशके भारतात लाउंज म्हणजे महागड्या वर्गाचे तिकीट काढणाऱ्यांची जागा राहिली. चित्र पालटले ते बँकांमुळे. क्रेडिट आणि डेबिट कार्ड विकण्यासाठी लाउंजचा मोफत प्रवेश हे आमिष ठरले. प्रवासी यंत्रावर कार्ड घासून दोन रुपये देतो. त्याच्या भेटीचे खरे शुल्क बँक किंवा कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी भरते. ‘मोफत’ या शब्दामागे असा तिसऱ्याच्या खिशातून जाणारा पैसा होता आणि जोवर कार्डधारक मोजके होते तोवर हा हिशेब जुळत होता.

तो बिघडला याचे कारण आकड्यांत आहे. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या प्रारंभी १० कोटींच्या पुढे गेली. त्याच वर्षी देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींवर पोचली. लाउंजचे चौरस फूट काही त्या वेगाने वाढले नाहीत. परिणामी बँकांनी हात आखडता घेतला. काही मोठ्या खासगी बँकांनी २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली. ही रक्कम कोठे ३५ हजार, तर कोठे ५० हजार रुपये होती. सप्टेंबर २०२४ मध्ये बँका आणि लाउंज यांच्यातील मध्यस्थ कंपनी ड्रीमफोक्सची सेवा अनेक विमानतळांवर अचानक विस्कळीत झाली आणि कार्ड दाखवूनही प्रवाशांना परतावे लागले. पुढच्याच सप्टेंबरात या कंपनीने देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. कार्डावर छापलेली सवलत ही हक्काची गोष्ट नाही, हे यातून अनेकांना कळून चुकले.

येथेच या प्रश्नाचा खरा गाभा आहे. लाउंज भरून वाहते, कारण तिच्या दाराबाहेर माणसाला सुखाने थांबता येत नाही. प्रतीक्षागृहात आसने अपुरी, आडवे होण्याची सोय नाही आणि चहाचा दर बाहेरच्या कित्येक पट. ही महागाई आपोआप आलेली नाही. विमानतळांच्या शुल्काबाबत २०१६ च्या नागरी हवाई वाहतूक धोरणाने जी पद्धत स्वीकारली, तीनुसार दुकाने, उपाहारगृहे, जाहिराती आदींच्या उत्पन्नापैकी ३० टक्के हिस्सा विमानसेवेचे शुल्क कमी करण्यासाठी हिशेबात धरला जातो. उरलेला चालकाकडे राहतो. साहजिकच प्रत्येक चौरस फूट भाड्याने देण्याकडे चालकाचा कल असतो. साधे बाक भाडे मिळवून देत नाही. दुकान आणि लाउंज देते.

बँकांनी खर्चाची अट घातल्यावर या व्यवस्थेतून पहिला बाहेर पडतो तो कोण? महिन्याला हजारोंची खरेदी कार्डावर करणारा पुण्या-मुंबईचा अधिकारी आत राहतो. रोखीत व्यवहार करणारा द्राक्ष बागायतदार, निवृत्तिवेतनावर जगणारा शिक्षक, रजेवरून परतणारा शिपाई हे बाहेर राहतात. ज्याला विमानतळावर सर्वाधिक काळ थांबावे लागते, त्यालाच थांबण्याची सोय सर्वांत कमी, असा हा उफराटा न्याय आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये त्याचे उग्र रूप देशाने पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीसंबंधीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी न झाल्याने इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबर या एका दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. पुण्यासह देशभरातील विमानतळांवर माणसे जमिनीवर बसून होती. स्थानिक प्रवासी निदान घरी परतू शकला. जतहून किंवा दहिवडीहून आलेल्याने त्या रात्री जायचे कोठे? नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. हा नियम किती प्रवाशांना ठाऊक असतो आणि मागितल्याशिवाय कितींना त्याचा लाभ मिळतो, याचा अनुभव ज्याचा त्याने तपासावा.

यावर ठरलेले उत्तर असे, की जिल्ह्यात विमानतळ झाला म्हणजे सारे सुटेल. ते पुरते पटत नाही. कऱ्हाडच्या विस्ताराला शेतकऱ्यांचा विरोध आहे, कारण जाणारी जमीन बागायती आहे. पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी सात गावांचा लढा अनेक वर्षे चालला. कोल्हापूरला मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. सांगलीकरांना ते पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण तेथून उड्डाणे मोजक्याच शहरांना आहेत. टर्मिनल बांधणे सोपे, विमाने टिकवणे अवघड, हा ‘उडान’ योजनेतील अनेक छोट्या विमानतळांचा धडा आहे.

त्यामानाने कमी खर्चाचे उपाय हाताशी आहेत. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये दहा रुपयांत चहा देणारे ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले. अशी उपाहारगृहे प्रत्येक विमानतळावर, चोवीस तास उघडी हवीत. प्रवासीसंख्येच्या प्रमाणात आसने आणि आराम-खुर्च्या किती असाव्यात याचे बंधन चालकावर हवे. सांगली, कऱ्हाड, साताऱ्याहून थेट लोहगावापर्यंत पहाटेच्या विमानांची वेळ सांभाळणाऱ्या एसटी गाड्या हव्यात. आणि विलंब झाल्यास मिळणाऱ्या हक्कांचा फलक प्रवेशद्वारापाशी ठळक मराठीत हवा.

मिरज स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्याला प्रतीक्षालय मिळावे, हे रेल्वेने फार पूर्वी मान्य केले. विमानाचा प्रवास आता सामान्यांचा झाला, असे सरकार अभिमानाने सांगते. मग त्या सामान्य माणसाच्या प्रतीक्षेची जबाबदारी बँकेच्या कार्डावर सोपवून चालणार नाही. लाउंज ज्यांना परवडते त्यांनी खुशाल वापरावी. पण तिच्या बाहेर बसणेही सुसह्य असेल, तर दाराशी लागलेली ही रांग आपोआप ओसरेल.