टांगलेले रिसीव्हर : टेलिफोनच्या दराविरुद्ध उभ्या राहिलेल्या नागरिकांचा इतिहास

१/१२
२० नोव्हेंबर १८८६. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहर. भर दुपारी बारा वाजता तेथील टेलिफोन मुके झाले. तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रेही बिघडली नव्हती. ग्राहकांनीच रिसीव्हर आकड्याला टांगले आणि पुन्हा न उचलण्याचा निश्चय केला. हा बहिष्कार सुमारे अठरा महिने टिकला.

२/१२
टेलिफोनचा इतिहास सहसा संशोधकांचा आणि कंपन्यांचा म्हणून सांगितला जातो. ग्राहक त्यात बिल भरण्यापुरता येतो. आणि दरवाढीला विरोध करणारा रहिवासी आलाच, तर प्रगतीच्या वाटेत आडवा पडलेला कंजूष म्हणून. ही मांडणी रूढ आहे, सोयीची आहे आणि चुकीची आहे.

३/१२
रॉचेस्टरचा वाद कशावरून पेटला? तोवर ग्राहक वर्षाची ठोक रक्कम भरत आणि हवे तितके कॉल करत. बेलच्या पेटंटाखाली परवाना मिळालेल्या बफेलोच्या कंपनीने ही पद्धत मोडून कॉल मोजून पैसे घेण्याचे ठरवले. यंत्र तेच, तार तीच. बदलला तो फक्त हिशेब.

४/१२
कंपनीची बाजू पोकळ नव्हती. त्या काळी प्रत्येक कॉल एक्स्चेंजमधील ऑपरेटर हाताने जोडून देत असे. ग्राहक दुप्पट झाले की संभाव्य जोडण्या जवळजवळ चौपट होत. म्हणजे गावाचे जाळे वाढले की दर ग्राहकामागचा खर्चही वाढे. शिवाय दिवसाला दोन कॉल करणाऱ्याने चाळीस कॉल करणाऱ्याचा भार का वाहावा, हा प्रश्नही रास्त होता.

५/१२
पण रास्त प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाला होता? पेटंटची मुदत संपेपर्यंत, म्हणजे १८९३-९४ पर्यंत, स्पर्धक उभा राहणे जवळजवळ अशक्य होते. दर तपासणारा सरकारी आयोग नव्हता. खर्च किती, नफा किती, हे कंपनी सांगेल तेच खरे. दर ठरवणारा, कॉल मोजणारा आणि पैसे वसूल करणारा एकच असेल, तर त्याला बाजारभाव म्हणत नाहीत. ती जहागिरी असते.

६/१२
ग्राहकांच्या हाती एकच शस्त्र उरले, आणि ते त्यांनी अचूक ओळखले. एकट्याने फोन बंद केला तर नुकसान त्याचेच होते. सर्वांनी मिळून बंद केला तर कंपनीपाशी विकण्यासारखे काही उरत नाही, कारण टेलिफोनचे मोल पलीकडे कोणीतरी असण्यातच असते. नगरपालिकाही ग्राहकांच्या बाजूने उभी राहिली. मे १८८८ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि ठोक दर टिकला.

७/१२
यावरून ‘कॉल मोजणे म्हणजे लूट’ असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. न्यूयॉर्क शहरात १८९४ पासून मोजणीचे दर लागू झाले आणि थोडा वापर करणाऱ्यांनाही फोन परवडू लागला. ग्राहकसंख्या झपाट्याने वाढली. उलट, पेटंट संपल्यावर गावोगाव निघालेल्या स्वतंत्र कंपन्यांनी ठोक दराच्या बळावर १९०७ पर्यंत देशातील जवळपास निम्मे फोन आपल्याकडे खेचले. दोन्ही पद्धती चालू शकतात. म्हणूनच खरा वाद पद्धतीचा नव्हता. ती निवडण्याच्या अधिकाराचा होता.

८/१२
हेच ‘स्थानिक’ या शब्दाचेही. स्थानिक कॉलची हद्द निसर्गाने आखलेली नसते. एक्स्चेंज कुठे बांधले, यावरून ती ठरते. माणसांचे जगणे त्या रेषेत मावत नाही. ग्रामीण अमेरिकेत शाळा, दवाखाना किंवा कचेरी शेजारच्या एक्स्चेंजमध्ये गेली की तिथला फोन ‘लांब पल्ल्याचा’ ठरे. हद्द वाढवून मिळावी म्हणून रहिवासी राज्य आयोगांकडे अर्ज करत. ठाण्याचा संकेतांक ०२२ आणि डोंबिवलीचा ०२५१. लोकल गाडीला ही रेषा दिसत नाही, टेलिफोनला मात्र दिसते.

९/१२
१ जानेवारी १९८४ रोजी ‘एटी अँड टी’ची मक्तेदारी मोडली गेली. लांब पल्ल्याच्या उत्पन्नातून स्थानिक सेवेला मिळणारा आधार आटू लागला आणि स्थानिक कंपन्यांनी पुन्हा मोजणीचा आग्रह धरला. नोव्हेंबर १९८६ मध्ये, रॉचेस्टरनंतर बरोबर शंभर वर्षांनी, मेन आणि ऑरेगन या राज्यांच्या मतदारांनी सक्तीच्या मोजणीवर मतपेटीतून बंदी घातली. ऑपरेटर जाऊन यंत्रे आली होती. युक्तिवाद मात्र जुनाच राहिला होता.

१०/१२
या हट्टाने काय साधले? अमेरिकेत बहुतेक घरांचा स्थानिक कॉल ठोक दरातच राहिला. म्हणून १९७८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या संगणकीय फलकासारखे प्रयोग फोफावले आणि पुढे डायल-अप इंटरनेटवर तासन्‌तास बसणे परवडले. युरोपात मिनिटे मोजली जात होती. स्थानिक दरवाढीविरुद्ध स्पेनमधील वापरकर्त्यांनी ३ सप्टेंबर १९९८ रोजी दिवसभर इंटरनेटला न जोडण्याचा संप केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जर्मनीत तसाच संप झाला. एकशे बारा वर्षांनंतरही शस्त्र तेच होते: न वापरणे.

११/१२
भारतात ‘ट्राय’ने १९९९ मध्ये स्थानिक कॉलची पल्स पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली आणि एसटीडीचे दर उतरवले. तर्क ओळखीचाच: एसटीडीच्या पैशांवर स्थानिक सेवा पोसली जाते, ते थांबावे. फरक एवढाच की हा निर्णय चर्चापत्रे आणि खुल्या बैठकांनंतर झाला. तो सर्वांना पटला असे नव्हे. पण हरकत घ्यायला निदान दार होते. १८८६ च्या रॉचेस्टरमध्ये ते दारच नव्हते.

१२/१२
आता ‘कंजूष’ या शेऱ्याकडे पुन्हा पाहावे. पैसे वाचवण्याचा हेतू त्यात नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. व्यापारी आणि डॉक्टर हिशेब पाहणारच. पण अठरा महिने फोनवाचून धंदा करणारा माणूस केवळ चार पैशांसाठी तसे करत नाही. सर्वांच्या गरजेची वस्तू एकाच्या मर्जीवर सोपवता येत नाही, आणि भाव सांगणाऱ्याने हिशेबही दाखवला पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे असते. टेलिफोनचा इतिहास लिहिताना तार ओढणाऱ्यांइतकीच रिसीव्हर टांगणाऱ्यांचीही नोंद व्हायला हवी. जाळे दोघांनी मिळून घडवले आहे.