‘पूरक’ या शब्दाआड लपलेला मनू

‘इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच स्त्रीला हक्क दिले. स्त्री-पुरुष समान नसतात, एकमेकांना पूरक असतात,’ असे एखादे मौलाना व्यासपीठावरून सांगतात आणि आपले कार्यकर्ते खाली बसून माना डोलावतात. का, तर बोललो तर संघवाल्यांचे फावेल! हेच ‘पूरक’ एखाद्या शंकराचार्याच्या तोंडून आले की मात्र आपल्याला २५ डिसेंबर १९२७ आठवतो. ज्या तर्काने महाडला मनुस्मृती जाळली, तो तर्क मशिदीच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायचा का?

हक्क दिले हे खरेच आहे. कुराणाने सातव्या शतकात मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला, मेहर बायकोच्या मालकीची ठरवली. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडले. तेव्हा हिंदुत्ववाद्यांनी फार मिरवू नये. पण मुलीचा तो वाटा मुलाच्या निम्मा आहे. त्या काळी जे पुढचे पाऊल होते, ते आज निम्मेच पाऊल आहे.

आणि ते निम्मे तरी पदरात पडते का? १९३७च्या शरियत कायद्याने वारसाहक्कातून शेतजमीन वगळली. म्हणजे खेड्यात जी खरी मालमत्ता, तीच बाजूला! ‘शरियत ईश्वरी आहे, हात लावू नका’ म्हणणाऱ्यांनी यासाठी किती मोर्चे काढले? शहाबानोला महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी मिळू नये म्हणून मात्र १९८५ साली रस्ते भरले.

त्याच वर्षी आपल्या कोल्हापुरातून मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा नागपूरकडे निघाला होता. वाटेत सनातन्यांनी विरोध केला. कोल्हापूरचे हुसेन जमादार त्यात आघाडीवर होते. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तेव्हापासूनची ही परंपरा. मंडळाच्या नावातला ‘सत्यशोधक’ जोतीरावांचा आहे, आणि आपल्या किती शिबिरांत दलवाईंचे नाव घेतले जाते?

बाबासाहेब गप्प बसले नव्हते. पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी पडद्यावर लिहिले, मुसलमानांतल्या जातींवर लिहिले. १९३९च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला घटस्फोट मागता येऊ लागला, पण तिने धर्म सोडला की लग्न आपोआप मोडायचे, ती वाट त्याच कायद्याने बंद केली. बाबासाहेबांनी नेमके त्यावर बोट ठेवले : ही काळजी बाईची नाही, संख्येची आहे.

संख्येचीच काळजी पलीकडेही आहे. हिंदू कोड बिल अडवणाऱ्यांचे वारस आज मुस्लिम भगिनींसाठी अश्रू ढाळतात. त्यांच्या २०१९च्या कायद्याने तोंडी तलाक रद्दबातल ठरवला, म्हणजे लग्न कायम राहिले, आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग. बाईला पोटगी मागण्याचा हक्क आहे म्हणे. आत बसलेला नवरा ती कुठून देणार?