ड्युटी कोण लावतो?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. कराडला धावपट्टी आहे; कवलापूरच्या विमानतळाची चर्चा निवडणुकीगणिक होते आणि विरते. त्यामुळे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कंपनीची उड्डाणे कोलमडली आणि ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, तेव्हा येथील कार्यकर्त्याला ती दूरची बातमी वाटली असल्यास नवल नाही. लाखांत पगार घेणारे वैमानिक आणि कोट्यवधींचा नफा मिळविणारी कंपनी यांच्या भांडणाशी एस. टी. चालकाचा, साखर कामगाराचा किंवा ऊसतोडणी मजुराचा संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मिरज किंवा कराडच्या आगारातच सापडते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी विरोध केला आणि ते पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. तरीही देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक ज्या कंपनीकडे आहेत, तिच्याजवळ पुरेसे वैमानिक नव्हते. भरती गोठवून कमी माणसांत जास्त उड्डाणे करण्याचे हे फळ आहे, असा वैमानिक संघटनांचा आरोप होता. पुढे सरकारी चौकशीनेही मनुष्यबळ आणि विमाने कमाल ताणून वापरण्याच्या धोरणावर बोट ठेवले.

आणि सरकारने तातडीने काय केले? रात्रीच्या कामावरील निर्बंधांतून त्याच कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. उड्डाणांत दहा टक्के कपात आणि जानेवारीत बावीस कोटींचा दंड हे नंतर आले. मक्तेदारीचे बळ म्हणतात ते हेच. नियम मोडून पडावा इतकी मोठी जी कंपनी असते, तिच्यापुढे नियमच वाकतो, आणि वाकलेल्या नियमाचा भार रात्री दोन वाजता विमान उतरविणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

हा भार काल्पनिक नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्रभर उडून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या टेकडीवरील धावपट्टीवरून दरीत कोसळले आणि १५८ माणसे मृत्यू पावली. विमानाचा प्रमुख वैमानिक प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता आणि त्या झोपेची गुंगी उतरली नव्हती, असे चौकशीत आढळले. सहवैमानिक विमान पुन्हा वर घेण्यास सांगत होता. ते ऐकले गेले नाही. विश्रांती ही कामगाराला मालकाने दिलेली सवलत नसून प्रवाशाच्या जिवाची हमी आहे, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता हाच प्रश्न एस. टी. चालकाला विचारावा. जतच्या पूर्व भागात किंवा पाटण खोऱ्यात मुक्कामी गाडी घेऊन जाणारा चालक रात्री उशिरा गावात पोहोचतो, डासांत गाडीतच आडवा होतो आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघतो. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि दोन कामांच्या मध्ये सलग नऊ तासांची विश्रांती सांगितली होती. हा कायदा आता नव्या संहितेत विलीन झाला आहे. परंतु कागदावरची विश्रांती आणि गाडीच्या बाकावरची झोप यांतील अंतर त्याने कधी मिटले नाही. चालक कमी पडला की डबल ड्युटी लागते. वैमानिकाचे रोस्टर आणि चालकाचा ड्युटी तक्ता यांत पगाराचा फरक आहे, तत्त्वाचा नाही.

या ठिकाणी एक मोह टाळला पाहिजे. ड्युटी लावणारा माणूस नेहमी अप्रिय असतो. विमान कंपनीत उड्डाण विभागाचा प्रमुख हा बहुधा स्वतः वैमानिक असतो, एस. टी. त वाहतूक नियंत्रक हा पूर्वीचा वाहकच असतो. कालचा सहकारी आज तक्ता हातात घेऊन उभा राहिला की राग त्याच्यावर निघतो. पण माणूस हटविल्याने प्रश्न सुटतो काय? एप्रिल-मे २०११ मध्ये एअर इंडियातील पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी आणि गैरकारभाराच्या चौकशीसाठी दहा दिवस संप केला. अध्यक्ष अरविंद जाधव यांच्यावर त्यांचा विशेष रोष होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाधव गेले, रोहित नंदन आले. आणि मे २०१२ मध्ये त्याच कंपनीत आणखी मोठा, अठ्ठावन्न दिवसांचा संप झाला! खुर्चीवरचा माणूस बदलला. खुर्चीचा अधिकार जसाच्या तसा राहिला.

दुसऱ्या संपाचे कारणही विसरता कामा नये. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटातील वैमानिकांना मिळू नये, हा त्याचा गाभा होता. कामगारच कामगाराच्या वाटेत उभा राहिला, तेव्हा शंभरावर वैमानिकांना बडतर्फ करणे व्यवस्थापनाला सोपे गेले. याउलट जेट एअरवेजने संघटना स्थापन करणाऱ्या वैमानिकांना काढले, तेव्हा सप्टेंबर २००९ मध्ये शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले आणि पाच दिवसांत सहकाऱ्यांना परत घ्यावे लागले. एकजूट आणि गटबाजी यांचा हिशेब इतका स्वच्छ क्वचितच मांडला जातो.

एस. टी. च्या २०२१-२२ च्या संपानेही हाच धडा दिला. जवळजवळ साडेपाच महिने कामगारांनी असामान्य सोसले. पगारात वाढ मिळाली, पण विलीनीकरणाच्या एकाच मागणीत ड्युटी, विश्रांती आणि मुक्कामाच्या सोयी हे रोजचे प्रश्न झाकोळले. मान्यताप्राप्त संघटना बाजूला पडल्या. सांगली जिल्ह्यातीलच गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत आझाद मैदानावर येऊन बसले, आणि वेतनवाढ जाहीर होताच बाहेर पडले. संघटनेची जागा पाहुण्या पुढाऱ्याने घेतली की तो गेल्यावर आगारात काही उरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने हे संकट अधिक गडद केले आहे. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप बेकायदेशीर, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एका दिवशी रजा घेतली तर तोही संपच! जेटच्या वैमानिकांनी २००९ मध्ये वापरलेल्या मार्गासारखे मार्ग यापुढे बंद व्हावेत, हाच या तरतुदीचा रोख आहे. वैमानिक असो की चालक, कायद्याने दोघांना एकाच दोरीने बांधले आहे. दोघांनी मात्र अजून एकमेकांना ओळखलेले नाही.

म्हणून आटपाडी, विटा, इस्लामपूर, कराड, फलटण, दहिवडी अशा प्रत्येक आगारात कार्यकर्त्यांनी एक साधी मागणी लावून धरावी: ड्युटी तक्ता आठवडाभर आधी फलकावर लागला पाहिजे, तो ठरविताना कामगारांचा निवडलेला प्रतिनिधी बसला पाहिजे, आणि विश्रांती मोडली तर तिची नोंद लेखी झाली पाहिजे. मुक्कामाच्या गावी झोपण्याची जागा कोठे आहे, हे प्रवाशांनीही विचारावे. पहाटेच्या गाडीत त्यांचीच मुले शाळा-कॉलेजला जातात. मागणी लहान दिसते. परंतु ड्युटी कोण लावतो आणि कोणाला विचारून लावतो, या प्रश्नातच कारखान्यापासून विमानापर्यंतच्या सत्तेचे मूळ आहे. ते मूळ हलविण्याची सुरुवात आगाराच्या फलकापासून करता येईल.