डोक्यावरचा रुमाल सर्वांचा

संपादक महोदय,

केमोथेरपीने केस गेलेल्या हिंदू बाईने डोक्याला स्कार्फ बांधणे म्हणजे दुसऱ्या समाजाचा पोशाख उचलणे, असे म्हणणारे पत्र आपल्या अंकात वाचले. वाईट वाटले.

माझी जाऊ अकोल्याला उपचार घेत होती, तेव्हा शेजारच्या भाभींनीच तिला रुमाल बांधायला शिकवले. कापड सुती हवे, रेशमी कापड केस नसलेल्या डोक्यावरून घसरते. गाठ मानेवर घ्यायची, म्हणजे टाळूला काचत नाही. भाभी मुस्लीम आहेत. आपले काही हिरावले गेले असे त्यांना वाटले नाही.

वाशीम जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बायका डोक्याला फडके बांधतात, त्यांची जात कोण विचारते? जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातली गावे केसगळतीने हादरली. ‘रुमाल बांधू नका’ असे तिथल्या मुलींना कोणत्या तोंडाने सांगणार?

पोहरादेवीला येणाऱ्या बंजारा मायबहिणींची काचा-कवड्यांची ओढणी नुसती मिरवायला कोणी घेऊ नये, हे मला मान्य आहे. त्या भरतकामाला त्यांची ओळख आहे. साध्या रुमालाचे तसे नाही. पत्रलेखकांना विनंती, आजारी बाईला जाब विचारू नका.

— एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशीम