खोड्यांचा अंक

हा अंक घरातल्या मांजर-कुत्र्यांच्या खोड्यांचा. ओट्यावरची वाटी पंजाने हळूहळू कडेला सरकवायची, एकदा आपल्याकडे बघायचं आणि खाली पाडायची, हा मनीचा उद्योग घरोघरी चालतो. त्यात सूडबिड काही नाही. हलत्या वस्तूला पंजा मारायची शिकारी ओढ आहे, आणि वाटी वाजली की आपण धावत येतो हे तिला पक्कं कळलेलं असतं.

कुत्र्याचं निराळं. चप्पल कुरतडून, कान पाडून बसलेला मोती अपराधी वाटतो खरा. पण कुत्र्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ सालच्या अभ्यासात कुत्र्यांचा तो चेहरा मालक रागावल्यावरच जास्त दिसला. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खरंच पळवला होता की नाही, याने फरक पडला नाही. तेव्हा कामावरून परतल्यावर मोतीवर ओरडू नका. त्याला चघळायला हक्काचं काहीतरी द्या, चपला कपाटात ठेवा.